आवाज विभाग

मोबाइलवर इंटरनेट नवीन आलं होतं तेव्हा ते चालू करून देणं हेच एक काम होतं. लोक हौसेने फोन घ्यायचे आणि घरी आल्यावर इंटरनेट कुठे दिसत नाही म्हणून कंपनीला फोन करायचे. तो फोन ती उचलायची. एका मोठ्या हॉलमध्ये, पुठ्ठ्याच्या आडोशांनी पाडलेल्या खणांपैकी एका खणात ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि दिवसभर तेच सांगायची. "तुम्हाला एक मेसेज येईल. तो सेव्ह करा. मग मोबाइल बंद करून पुन्हा चालू करा."

"बंद केला तर तुम्ही पण बंद व्हाल ना, ताई," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते. "मग पुढचं कोण सांगणार?"

ते म्हणाले त्यात काही खोटं नव्हतं. लोक त्याच मोबाइलवरून बोलत असायचे. मग ती म्हणायची, "तुम्ही बंद करून चालू करा, मी फोन करते." असा उलटा फोन करायला परवानगी नव्हती, पण ती करायची. एकाने तर तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. इंटरनेट येणार म्हणून तो मघापासून दारात उभा होता आणि कंपनीचा माणूस काही आला नव्हता. ती हसली नाही. "ते दारातून येत नाही, दादा," एवढंच म्हणाली आणि त्याला आत बसायला सांगितलं. शेजारच्या खणातल्या बायका मात्र हसून हसून बेजार झाल्या. तिचा आवाज ऐकून रागावलेली माणसंही जरा खाली यायची. हॉलमध्ये तिला सगळे 'सेटिंगवाली' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

घरी तिचे बाबा होते. आई गेल्यावर दोघंच उरली. बाबा शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. पन्नाशीच्या आत असताना त्यांना एक ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. मशीनचा आवाज ऐकून दोष ओळखणारा माणूस आता मशीनच्या अंगावर तळहात ठेवून बसायला लागला. सुरुवातीला ते बोलायचे. एकदा दुकानात सुया मागताना त्यांना शेजारच्या गिऱ्हाइकांचे चेहरे दिसले. आपण ओरडतोय आणि लोक हसू दाबतायत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. घरात एक पाटी आली. "जेवलीस?" "उशीर का?" "उद्या मशीन द्यायचंय." पाटीवर मावेल तेवढाच संसार.

तिला त्याचं तेव्हा फारसं वाईट वाटत नव्हतं, हेही सांगायला हवं. दिवसभर बोलून तिचा घसा सुकलेला असायचा. घरी आलं की कुणाशी बोलावं लागत नाही, हे बरंच होतं. तिच्या लग्नाचा विषय आई असताना निघायचा. पुढे ढकलता ढकलता तो निघेनासाच झाला.

तिने नवा मोबाइल घेतला तेव्हा जुना बाबांना दिला आणि त्यावर इंटरनेट चालू करून दिलं. बाबा पहिल्यांदा मशीनचे सुटे भाग बघत बसायचे. मग कुठूनतरी त्यांना ऐकू न येणाऱ्या माणसांचा एक ग्रुप सापडला. तिथे ते एका बोटाने टाइप करायला लागले. पाटीवर दोन शब्द लिहिणारे बाबा तिथे ओळीच्या ओळी लिहितात हे तिने पाहिलं, तेव्हा तिला नवल वाटलं आणि थोडं लागलंही.

त्या ग्रुपात बरेच जण खुणांच्या भाषेत बोलणारे होते. बाबांना ती येत नव्हती. कान गेले तेव्हा त्यांना कुणी शिकवली नाही आणि आसपास तशी माणसंही नव्हती. शिकायला म्हणून व्हिडिओ कॉल करून बघितला तर चित्र अडकायचं. ऐकणाऱ्याचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, निभावून जातं. खुणा करणाऱ्याचा हात अर्ध्यात थांबला की शब्दच थांबतो. बाबा वैतागून फोन पालथा घालायचे.

मग वेगवान इंटरनेट आलं, आणि तेही परवडणारं. बघता बघता सगळ्यांच्या माना खाली गेल्या. बसमध्ये, दवाखान्यात, रस्ता ओलांडतानाही. लोक त्याला नावं ठेवायचे. तिच्या घरात मात्र एका दुपारी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला होता आणि त्यात एक आडदांड माणूस कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी काहीतरी सांगत होता. हात कुठेही अडकत नव्हते.

तो दुसऱ्या एका गावातला बेकरीवाला होता, जन्मापासून ऐकू न येणारा. भट्टी लावून झाली की तो बाबांना शिकवायचा. सुरुवातीला बाबांची बोटं स्क्रू मोजल्यासारखी चालायची. बेकरीवाला भुवया उडवून चूक दाखवायचा, पुन्हा करून घ्यायचा. साठी उलटलेला माणूस शाळेतल्या मुलासारखा घोटून घोटून शिकला. वर्षभरात त्यांचे हात इतके सरावले की तिला एकेक खूण वेगळी काढता येईना.

आणि बाबा हसायला लागले, चांगले खदखदून. आपल्या हसण्याला आवाज असतो हे ते विसरले होते. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात तिला म्हणाल्या, "घरात पाहुणे असतात का गं हल्ली?"

"नाही काकू. बाबाच असतात."

ती कामावरून यायची, चहा टाकायची, कप घेऊन बाबांच्या शेजारी बसायची. बाबा तिच्याकडे बघून मान हलवायचे आणि पुन्हा फोनकडे वळायचे. हनुवटीवर हात, छातीवर हात, हवेत एक गिरकी, आणि समोर तीन चौकोनांतली तीन माणसं एकदम हसायची. काय झालं, असं ती पाटीवर लिहायची. बाबा थोडा विचार करून लिहायचे, "लिहून मजा येणार नाही." ते खरंच होतं, पण तिला फार परकं वाटायचं. दोनचार संध्याकाळी ती शिकायला बसली. मग शिफ्ट बदलली, आणि खरं सांगायचं तर तिचा उत्साहही मावळला. आपल्याच घरात आपण बोटांशी झगडत बसायचं आणि परगावचा बेकरीवाला बाबांशी शब्दाला शब्द देतो, हे तिला पचत नव्हतं.

तिकडे हॉलमध्ये फोन कमी होत चालले होते. मोबाइल आता इंटरनेट चालू होऊनच दुकानातून बाहेर पडायचे. सेटिंग विचारणारं कुणी उरलं नाही. भांडायला फोन यायचे, मग भांडणंही टाइप करून व्हायला लागली. एकेक खण रिकामा झाला. तिच्या आडोशापलीकडच्या बाईने जाताना आपली उशी तिला दिली.

एक दिवस सुपरवायझरने तिला बोलावलं. "आवाज विभाग बंद होतोय, ताई. तुम्हाला चॅटवर घेतलंय. घरूनच काम. येण्याजाण्याची दगदग नाही."

"आणि लोकांना बोलायचं असलं तर?"

"लोकांना हल्ली बोलायचं नसतं."

"मला बोलायचं असतं," ती म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला आणि तिचा हेडफोन जमा करून घेतला.

ती लवकर घरी आली. बाबा दाराकडे पाठ करून बसले होते. फोनमध्ये बेकरीवाला होता. तिला थांबवेना. ती त्यांच्या पाठीमागे उभी राहून बोलायला लागली, नेहमीच्या शांत, समजावणीच्या आवाजात, जणू समोर कुणी तक्रार घेऊन आलंय. "बाबा, आमचा विभाग बंद झाला. आता मला कुणी ऐकणार नाही. दिवसभर मी बोलत होते म्हणून घरातलं हे चालून जात होतं. आता काय करू?" पुढे तिचा आवाज फुटला. तिने तो आवरला नाही. आवरायचं कुणासाठी?

बाबांचे हात चालूच होते. पण बेकरीवाल्याचे थांबले. त्याला फोनमधून तिचा चेहरा दिसत होता. त्याने दोन बोटं कानाशी नेली, तिथून ओठांपर्यंत आणली आणि बाबांच्या मागे बोट दाखवलं.

ती खूण बाबा करताना तिने कितीदा पाहिली होती. आपल्या बहिरेपणाचं काही सांगत असतील, असं तिला वाटायचं.

बाबा वळले. तिच्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं आणि जाडा, ओबडधोबड, फार मोठा आवाज बाहेर आला. "काय झालं गं?"

वरच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं म्हणे. बाबांना ते कळलं नाही. कळलं असतं तरी ते त्या दिवशी थांबले नसते. तिने पाटी घेतली नाही. तोंड त्यांच्यासमोर धरून सावकाश सगळं सांगितलं, आणि त्यांना कळलं तिथे त्यांनी मान हलवली आणि न कळलेलं पुन्हा विचारून घेतलं. मग तिने बेकरीवाल्याची ती खूण करून दाखवली. हे काय?

"तू," बाबा म्हणाले. "तुझं नाव. आमच्यात प्रत्येकाला असतं. मी ठेवलंय." कानाला हेडफोन लावून बोलणारी, ती.

मग ती शिकली. रोज थोडं थोडं. घरून काम होतं, वेळ होता. स्क्रीनवर लोकांच्या तक्रारी यायच्या, ती उत्तरं टाइप करायची आणि मधल्या वेळात बाबांसमोर हात हलवायची. बाबा तिच्यासाठी सावकाश बोलायचे. ती चुकली की बेकरीवाल्यासारख्या भुवया उडवायचे. ते दिवस चांगले होते. पण फार टिकले नाहीत.

बेकरीवाल्याच्या गावात ऐकू न येणाऱ्या मुलींची एक शाळा होती. तिथे शिवण शिकवायचे. मशीनं बरीच होती, त्यातली निम्मी बंद पडलेली. ती दुरुस्त करणारा आणि मुलींशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस हवा होता. राहायला खोली होती. बाबांनी हे तिला सांगितलं तेव्हा त्यांचे हात फारच सावकाश हलले. ते ओठांनीही बोलले नाहीत.

"जायचंय तुम्हाला?" तिने विचारलं.

बाबांनी हो म्हटलं. मग घाईघाईने पुढे काहीतरी बोलले, तू एकटी, तुझं जेवण, असं. तिने त्यांचे हात धरून थांबवले. वीस वर्षं त्या माणसाला कुणी हाक मारली नव्हती. आता कुठूनतरी हाक आली होती, तर ती अडवणारी ती कोण?

स्टँडवर बस सुटेपर्यंत ते काचेआडून बोलत राहिले. काच बंद असली तरी त्यांचं काही अडलं नाही, हे बघून बाजूचा प्रवासी चकित झाला.

ती एकदा तिकडे जाऊन आली. बेकरीच्या मागच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. तिला खुर्च्या सरकल्याचं ऐकू येत होतं, चमचे, पलीकडे भट्टीचं दार, आणि कुणाचं तरी मोठ्याने श्वास घेणं. बाकी कुणालाच नाही. गप्पांना ऊत आला होता. बाबा मधोमध होते आणि ते काही सांगायला लागले की सगळे हात खाली ठेवून बघायचे. तिला निम्मं कळलं. हसायची वेळ आली की ती जरा उशिरा हसायची. बेकरीवाल्याची बायको तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सोडवून बोलली. प्रवास कसा झाला, थकलीस का. तिने बरा झाला म्हटलं. बायकोने तिचं एक बोट धरून सरळ केलं.

परत आल्यावर घर तिला मोठं वाटलं. दोन खोल्यांचं घर, मोठं कसलं, पण वाटलं खरं. रविवारी बाबांचा फोन येतो. मशीनं, मुली, पाव जळला ते. आठवड्याचे बाकीचे दिवस ती टाइप करते. अलीकडे तिला सवय लागली आहे, लिहिता लिहिता ती वाक्य मोठ्याने म्हणते. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल माफ करा. मी बघते." आवाज अजून चांगला आहे.

परवा वरच्या काकू दारात उभ्या होत्या. "कुणाशी गं बोलतेस?"

"काम करते काकू."

"असं होय." काकू निघाल्या नाहीत. चौकटीला हात लावून आत बघत राहिल्या. "आमच्याकडे पण सगळे फोनमध्येच."

"बसता का थोडं?"

"कपडे वाळत घालायचेत," काकू म्हणाल्या. "येईन एखाद्या दिवशी."

ती बरं म्हणाली. काकू जिना चढून गेल्या. तोवर स्क्रीनवर कुणीतरी विचारलं होतं, आहात का? तिने लिहिलं, आहे, आणि दार उघडंच ठेवून पुढची तक्रार वाचायला घेतली.