नाव घ्या, कौसल्याबाई

फणसवाडीची कालिंदी अर्थशास्त्रात बी.ए. झाली आणि म्हणते काय, वाचा गेलेल्यांना बोलतं करायची विद्या शिकायला विलायतेला जाणार! बापाने कपाळाला हात लावला. परळच्या इस्पितळातल्या पारशी डॉक्टरांनी अट घातली: महिनाभर वॉर्डात बस, एका पेशंटकडून एक शब्द काढून दाखव, तरच शिफारसपत्र.

पेशंट मिळाली कौसल्याबाई, लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणकडची. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेलेली. डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रश्न कालिंदी रोज विचारी. शेवटचा प्रश्न, नवऱ्याचं नाव काय? बाई ओठ घट्ट मिटून छताकडे बघे.

त्यात जानेवारी छप्पन्न. मुंबईसाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाला. कौसल्याबाईंचा नवरा गणपत, गिरणीत माग चालवणारा साचेवाला, मोर्चाला गेला तो घरी आलाच नाही. बाईंची चाळीतली शेजारीण शेवंती, तिने कालिंदीला इस्पितळाच्या जिन्यात गाठलं. "तिका सांगू नको गो बाय. जीव जायत तिचो."

तेव्हापासून कालिंदीची दोन्हीकडून पंचाईत. शब्द आला नाही तर पत्र गेलं. आणि आला, तर बाई पहिलं काय विचारणार, हे तिला ठाऊक नव्हतं होय?

महिना भरला. डॉक्टर खाटेशी आले. "तुमचा नवराचा नाव काय?"

बाईंनी ओठ मिटले. डॉक्टरांनी नकाराचा शेरा लिहायला पेन उघडलं.

तेव्हा कुठे कालिंदीच्या डोक्यात उजेड पडला. अगं शहाणे, तुझ्या आईने 'अहो' सोडून कधी बाबांचं नाव घेतलंय? आणि चार आठवडे ही पदवीधर बया मालवणच्या बाईला सरळ नवऱ्याचं नाव विचारत बसली!

"सर, थांबा जरा."

सगळ्या वॉर्डासमोर त्या बिनलग्नाच्या मुलीने हळदीकुंकवातल्यासारखा उखाणा धरला. "सुपारीच्या बागेत पाटाचं पाणी..." आणि नावाच्या जागी गप्प राहिली.

कौसल्याबाईंचा ओठ हलला. "गण... पत... रावांची... मी राणी."

शेजारच्या खाटांवरच्या बायका रडू लागल्या. डॉक्टरांनी पत्रावर सही केली, "शाब्बास" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

कौसल्याबाईंनी डाव्या हाताने कालिंदीचं मनगट पकडलं. तोंड वाकडं झालं, घाम फुटला. या खेपेला उखाणा लागला नाही.

"गणपत... खंय?"

कालिंदीला पळून जावंसं वाटलं. थाप तयार होती: गिरणीत रात्रपाळी आहे, उद्या येतील. पण याच तोंडातून एक शब्द यावा म्हणून तिने महिनाभर देव पाण्यात ठेवले होते. आता त्या शब्दाला खोटं उत्तर द्यायचं?

"मोर्चाला गेले होते," ती म्हणाली. "चार दिवस झाले, परत आले नाहीत. शोधतायत सगळे."

बाईंनी मनगट सोडलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "खंय?"