मिट्टी का तेल

निजामाच्या राज्यात हुकूम उर्दूत निघायचा. आमच्या चौसाळ्याला पोचेपर्यंत तो वाटेत अर्धा मराठी व्हायचा आणि अर्धा जसाच्या तसा राहायचा. त्या राहिलेल्या अर्ध्यानं एकदा आमच्या घरावर केवढे उपकार केले, ते सांगतो.

आमचं घर ओढ्याला अगदी खेटून. पावसाळा सरला की ओढा आपलं पाणी घेऊन पुढं जाई आणि डास तेवढे आमच्याकडं ठेवून जाई. परसात न्हाणीच्या सांडपाण्याचा मोठा खड्डा होता आणि त्यात आईचं अळू. एकेक पान असं की पावसात डोक्यावर धरावं. आईला वरची पानं दिसत, मला खालचं काळं पाणी आणि त्यातले वळवळे. दिवेलागणीला आप्पा, म्हणजे आमचे वडील, पेटत्या गोवऱ्यांवर लिंबाचा ओला पाला टाकून असा धूर करीत की माणसं खोकत रस्त्यावर यायची आणि डास निवांत घरात बसायचे.

माझी धाकटी बहीण नांदूरघाटला दिली होती. आदल्या वर्षी पंचमीला माहेरी आली आणि हिवताप घेऊन सासरी गेली. यंदा तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. तेव्हा मुराळी होऊन, गाडी जुंपून, मी तिला आणायला निघालो. तिचे सासरे किराणा दुकानदार. देह आडवातिडवा, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. त्यांनी मला पोटभर जेवू घातलं आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मुराळी, पोर न्हाई धाडायची."

"कावून, मामा?"

"कावून? आन् वर मलाच इचारतोस? मागल्या बारीला धाडली ती कुडकुडत परत आली. बीडला माल आणाया गेलतो तवा तिथला डाक्टर सांगत हुता, ह्यो ताप मच्छरापायी येतो म्हणून. तुमच्या अंगणात माणसं कमी आन् मच्छर लई."

दाराआड बहीण उभी होती. मला तिची फक्त पावलं दिसत होती. अंगठा जमीन उकरत होता. सासऱ्यांनाही ती दिसली असावीत, कारण अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "असं करू. पंधरा दिसांनी म्या सोता येतो. दिवेलागणीपासून ताट वाढूस्तोवर तुमच्या अंगणात बसतो. मच्छर चावला, तर बाळातपण हितंच."

मी मोकळी गाडी घेऊन परतलो. आई धावत दारात आली, गाडीत डोकावली. लेकीसाठी गाडीत अंथरलेली गोधडी तिनं काढली, घडी घातली आणि आत नेऊन ठेवली.

दोन-चार दिवसांत दवंडी आली. हलगी थांबली आणि दवंडीवाला ओरडला, "ऐका होऽ ऐका! तालुक्याचा हुकूम हाय! हिवतापाचा बंदोबस्त! घराभवती जिथं पाणी साचलं आसंल तिथं मिट्टी का तेल टाकावं होऽऽ!"

आता शहरातला वाचक हसेल. मिट्टी का तेल म्हणजे घासलेट, हे त्याला ठाऊक. आम्ही त्याला चिमणीचं तेल म्हणत होतो. पण मिट्टी म्हणजे माती, एवढं उर्दू अख्ख्या गावाला येत होतं. आणि 'का' तर आमचा घरचाच शब्द. ताक घेता का दूध? गाडीनं जाता का पायी? त्याच चालीवर, माती का तेल?

"सरकार दयाळू हाय," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "माती का तेल, ते आपल्यावर सोडलंय."

"तेल कुणाच्या बापाचं?" शेजारच्या काकू कुडावरून म्हणाल्या. "माती टाका, माती."

झालं. सगळी आळी मातीला लागली. जी गाडी नांदूरघाटहून मोकळी आली होती, तीच मी माळावरून मुरूम भरभरून आणली. ओढ्याकाठची डबकी बुजवली. गुरांच्या खुरांनी पडलेले खळगे बुजवले. गुरांच्या दगडी डोणीत माती कशी टाकणार? तर आप्पा ती रोज उपसून घासून कोरडी करू लागले. शेजारच्या काकांनी हुकूम इतका मनावर घेतला की पिण्याच्या रांजणातही पसाभर माती सोडली. त्यावर काकू त्यांना जे बोलल्या, ते कुठल्याही सरकारी भाषेत बसणार नाही.

राहिला अळूचा खड्डा. मी फावडं घेऊन गेलो तर आई आडवी उभी.

"ह्याला हात लावायचा न्हाई."

"आई, सगळे मच्छर हितूनच निघत्यात."

"निघू देत. अळू माझं हाय."

मी फावडं टेकवून नुसता उभा राहिलो. आईनं एकदा मागल्या दारातून आत घडी घालून ठेवलेल्या गोधडीकडं पाहिलं, मग पदर खोचला आणि स्वतःच अळूचा एकेक कांदा उपटून बाहेर फेकू लागली. शेवटची चांगली पानं तेवढी वेगळी ठेवली. सांडपाण्याला मी चर खणून दूरच्या केळीकडं वाट करून दिली, खड्डा मुरमानं भरला, धुम्मसानं ठोकला.

ठरल्या दिवशी व्याही आले. शरणार्थ-शरणार्थ म्हणत नमस्कार झाले. बुजवलेल्या खड्ड्यावरची सपाट जागा पाहून त्यांनी तिथंच बाज टाकायला सांगितली, पैरण काढली आणि उघडेबंब बसले. ते पोट म्हणजे डासांना गावजेवणाचं आमंत्रण! आप्पा समोर घोंगडीवर, मी खांबाला टेकून, आई दारात. आम्ही तिघंही त्या पोटाकडं बघत होतो. दिवा लागला. गुरं रवंथ करीत होती. काही चावेना.

"इवाई, तेलाचा वास न्हाई आला," व्याही म्हणाले.

"तेल कशाला? आमी माती घेतली."

"म्हंजी?"

आप्पांनी दवंडी म्हणून दाखवली, हलगीच्या ठेक्यासकट. व्याही असे हसले की बाज करकरली. "आवो इवाई, मिट्टी का तेल म्हंजी घासलेट! 'का' म्हंजी 'चं'!"

आप्पांचा चेहरा उतरला. सरकारचा हुकूम चुकला, तोही व्याह्यासमोर. आणि नेमक्या त्याच वेळी, फट्! व्याह्यांनी स्वतःच्या पोटावर चापट मारली. तळवा दिव्यापुढं धरला. तळव्यावर डास होता.

आमच्यात विहीण व्याह्याशी तोंडावर बोलत नसे; आई तर त्यांच्यासमोर कधी खाकरलीही नव्हती. पण दारातून तिचा आवाज आला, पदराआडून, पण स्वच्छ.

"त्यो आमचा न्हाई. नांदूरघाटहून तुमच्या गाडीत बसून आलाय. पाव्हणा हाय त्यो."

व्याह्यांनी तळव्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग तळवा धोतराला पुसला आणि पैरण उचलली.

"आरारा! पाव्हण्याला मारलं म्हणायचं म्या," ते म्हणाले. "मुराळी, गाडी कवा जुपतोस?"

त्या रात्री शेवटच्या पानांच्या अळूवड्या झाल्या. पाव्हण्यांनी त्या मागून मागून खाल्ल्या.

लगेच जाऊन मी बहिणीला घेऊन आलो. उतरली ती थेट परसात, व्याह्यांसाठी टाकलेल्या, अजून तिथंच असलेल्या बाजेवर टेकली, पाय हलवीत इकडं तिकडं बघू लागली.

"आई, लई दिसांनी अळूची भाजी खावीशी वाटतीया. अळू कुठं गेलं गं?"

"त्याच्यावरच बसलीस की," आई म्हणाली, आणि तिच्या पायावर गोधडी घातली.