शमुवेल मास्तरांची साक्ष

दुकानात बियाण्याच्या पिशव्या लावून घेत होतो तेव्हा फोन आला. शमुवेल मास्तरांची धाकटी लेक लातूरच्या दवाखान्यातून बोलत होती. "अप्पा, बाबा गेले," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी समोरच्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो, मग शटर ओढलं आणि पायरीवर बसून राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले. गळ्यात लिंग बांधणारा माझ्यासारखा लिंगायत, खत-बियाण्याचा दुकानदार एका ख्रिस्ती मास्तरावर लिहितोय, याचं कोणाला नवल वाटलं तर वाटू दे. चाळीस वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायचा आणि चाळीस वर्षं आम्ही वाद घातला.

मास्तर रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. धर्मही ते इतिहासासारखाच सांगायचे... चर्चमध्ये, माझ्या दुकानात, एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. डोळे मिटून गहिवरून बोलणं त्यांना कधी जमलं नाही. येशू मरणातून उठला हे कोणी सांगितलं, किती वर्षांनी लिहिलं, लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा होता, असे प्रश्न स्वतःच काढायचे आणि उत्तरंही स्वतःच द्यायचे. त्यांचा आवडता मुद्दा बायकांचा. रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली, असं बायबलातली चारही शुभवर्तमानं सांगतात, आणि त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. "रचूनच सांगायचं असतं तर एखादा वजनदार गडी उभा केला असता की हो अप्पा," असं म्हणून ते बशीत चहा ओतायचे. मी म्हणायचो, मास्तर, तुम्ही वकील व्हायचे, चुकून शाळेत आलात. गळ्यातलं लिंग काढा, असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही, आणि त्यांचं सांगणंही एक दिवस थांबलं नाही.

पुढं मास्तर आपल्याच मुद्द्यात सापडले. गावातलं चर्च एका गोऱ्या पाद्र्यानं सुरू केलं, ही हकीगत ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. पाद्री घोड्यावरून आला, पटकीच्या साथीत त्यानं लोकांची सेवा केली, मग लोक त्याच्यामागे गेले... ऐकायला झकास. चर्चच्या वर्धापनदिनासाठी पंचांनी पाद्र्याच्या नावाची संगमरवरी पाटीसुद्धा करून आणली होती. तेवढ्यात चर्चची जुनी पेटी साफ करताना मास्तरांना त्याच पाद्र्याची वही सापडली. त्या भल्या माणसानं स्वच्छ लिहून ठेवलं होतं, की मी आलो त्याआधीच इथले लोक प्रार्थना करत होते, आणि त्यांना ती तुळसाबाई नावाच्या केरसुण्या विकणाऱ्या बाईनं शिकवली होती.

एका कागदावर विसंबायचं नाही, हा मास्तरांचा नियम. तुळसाबाईची पणती मुदखेडला असते असं कळलं, तेव्हा मला बरोबर घेऊन ते तिच्याकडे गेले. वहीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं मला गाडीत तीनदा बजावलं. त्यांनी फक्त घराण्याचं विचारलं, आणि त्या म्हातारीनं आपणहून सांगितलं, की पणजी केरसुण्यांचा भारा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायची आणि लोकांच्या दारात टेकून येशूची गोष्ट सांगायची. परतताना मास्तरांनी म्हातारीचे शब्द कागदावर उतरवून घेतले. मग म्हणाले, "दोन हजार वर्षांमागच्या बायकांची साक्ष जगाला सांगत हिंडलो अप्पा... अन् आमच्याच चर्चच्या बाईला मीच पुसून टाकलं."

पंच म्हणाले, राहू द्या आता, पाटी झाली, पाहुण्यांना आवतण गेलंय. शिवाय मास्तर एका बाबतीत चुकले म्हटल्यावर त्यांचं बाकीचं तरी लोक का मानतील? ही भीती खोटी नव्हती. मास्तरांनी आयुष्यभर कमावलेलं एवढंच होतं, की हा माणूस बघितल्याशिवाय बोलत नाही. मीही खोचकपणे विचारलं, आज पाद्र्याची गोष्ट गेली, उद्या त्या रिकाम्या कबरेचं काय? ते चिडले नाहीत. "चूक निघालं त्याला चूक म्हणलो, तरच बाकीच्याला किंमत हाय," म्हणाले. "न्हाई तर मी साक्षीदार कसला, भाटच की."

पुढच्या रविवारी भरल्या उपासनेत ते उभे राहिले आणि आपण इतकी वर्षं चूक सांगत आलो, असं हात जोडून कबूल केलं. मी दाराशी उभा होतो. काही लोक त्यानंतर त्यांच्याशी बोलेनासे झाले, दोन घरांनी आपली मुलं त्यांच्या शनिवारच्या वर्गातून काढून घेतली. त्याचं त्यांना फार लागलं, माझ्यापासून ते लपलं नाही. पण मला त्या दिवशी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं. वर्षभरानं नवी पाटी बसली. तिच्यावर पहिलं नाव तुळसाबाईचं आहे.

गेल्या आठवड्यात मास्तरांसाठी चर्चमध्ये प्रार्थनासभा झाली. नवे पाळक तरुण आहेत, मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, मास्तरांना मरणाचं जराही भय वाटलं नाही, ते हसत, गीत गात गेले. लोक माना डोलवत होते. त्या चर्चमध्ये मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पण उठलो.

"पाळकसाहेब, माफ करा, तसं झालं न्हाई," मी म्हणालो. "आदल्या दुपारी दवाखान्यात मी त्यांच्यापाशी होतो. मास्तर भ्याले होते. माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. म्हणाले, अप्पा, लई भ्या वाटायलंय... पण जे सांगितलं, त्यातलं काही माघारी घेत न्हाई."

मला वाटलं, आपण नको ते बोलून बसलो. मी खाली बसायला लागलो, तेवढ्यात पुढच्या बाकावरून वहिनी, मास्तरांच्या पत्नी, मागं वळल्या.

"बसू नका अप्पा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघितलंय. सांगा अजून."