पाच भाकऱ्यांचा माळी

साऱ्या साकीनाक्यात माणूस ओळखणारी एकच बाई होऊन गेली आणि ती माझी बायको होती. डॉक्टर नाडी बघतात, पोलीस तोंड बघतात, ही ताट बघायची. ज्या दिवशी गेली त्या सकाळीसुद्धा आम्ही दोघं ओट्यापाशी बसून कुळीथ निवडत होतो. त्याआधी न्याहारीला मी दीड भाकरी खाऊन हात धुतला होता, ते तिच्या डोक्यात होतं. मधेच म्हणाली, "अहो, तुम्ही तर आता ऑफिसवाले झालात." जन्मभर पाइपलाइनवर वेल्डिंग केलेल्या माणसाला याच्याहून मोठी शिवी नाही. उठताना मी खिडकीतल्या कढीपत्त्याकडे हात नेला तर लगेच ओरडली, "त्याला हात लावू नका. मरेल." हे आमचं शेवटचं बोलणं. काही गोड बोलली असती तर मीच घाबरलो असतो.

मी चौथी शिकलो, ही तेवढीही नाही. पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने पाइपलाइनच्या माणसांची खानावळ चालवली आणि तिथे बसून तिचं एक शास्त्र तयार झालं. चर खणणारा पाच भाकऱ्या खातो. वेल्डर तीन खातो, पण आगीपाशी घसा सुकतो म्हणून ताक दोन तांबे पितो. वॉचमन दोन खातो आणि लोणचं चार वेळा मागतो. ऑफिसवाल्याच्या ताटात भात उरतो. शेजारच्या पोरीला बघायला एक स्थळ आलं होतं, मुलगा म्हणे कंपनीत सुपरवायझर. जेवण आमच्याकडे होतं. पाचवी भाकरी वाढताना हिने सगळ्यांसमोर विचारलं, "कुठे खणतोस रे?" पोरगा लाल झाला आणि म्हणाला, "देवनारला." मग हीच पोरीच्या आईला म्हणाली, "द्या ह्याला. खणतो ते चांगलं आहे. त्याचं खोटं बोलणं मी बंद करते." लग्न झालं, पोरगा शेवटपर्यंत हिला वचकून असायचा.

आमचा शेठ पाण्याच्या आणि गॅसच्या पाइपलाइनची कंत्राटं घ्यायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त खर्चाचं नाव काढलं की त्याच्या पोटात कळ यायची. त्यात सगळ्यात मोठी कळ विम्याची. कामावर माणूस जखमी झाला तर भरपाई मालकाने द्यायची, आणि ती अंगावर येऊ नये म्हणून मालक विमा काढतो. हप्ता ठरतो माणसाच्या कामावर. चरात उतरणाऱ्याचा आणि वेल्डरचा हप्ता जबर, माळ्याचा अगदी किरकोळ. म्हणून शेठने एका फटक्यात आम्हा अकरा जणांना माळी करून टाकलं. हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी कागदावर माळी होतो आणि गप्प होतो. तोंड उघडलं तर काम जाईल, या भीतीने घरीसुद्धा बोललो नव्हतो.

मग विमा कंपनीचा साहेब तपासणीला आला. शेठ त्याला खूश करायला आमच्या खानावळीत बांगडा खायला घेऊन आला, ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक. साहेब जेवता जेवता यादी चाळत होता. म्हणाला, "अकरा माळी? तुमची बाग कुठे आहे?"

शेठ म्हणाला, "असं नाही साहेब, पाइप टाकून खड्डा बुजवला की वर झाडं लावतो ना आम्ही."

साहेबाने सहज पहिलं नाव वाचलं. ते माझं. मी कोपऱ्यात जेवत होतो, मान ताटात घातली. हिच्या हातात भाकरी होती ती हातातच राहिली.

"हे माळी? साहेब, ह्या माणसाने माझा कढीपत्ता तीनदा मारलाय. पाणी घालतो म्हणाले आणि मारला."

"वहिनी, तुम्ही वाढा ना," शेठ म्हणाला.

"वाढतेच आहे. तो बघा, पाचवी घेतोय. पाच भाकऱ्यांचा माळी बघितलाय कुठे? तो खणतो. हा ताकवाला वेल्डर. आणि त्या टोकाचा वॉचमन आहे म्हणून लिहिलं असेल, तर तोही दिवसाचा खणतो, चार खातो." मग शेठकडे वळली. "उद्या ह्यांच्या अंगावर पाइप पडला तर काय सांगणार, शेठ? माळ्याच्या अंगावर पाइप कुठून पडला?"

साहेबाने बांगडा बाजूला ठेवला आणि पेन काढलं. ताटांकडे बघत बघत त्याने अख्खी यादी नव्याने लिहिली. हप्ता किती वाढला ते शेठच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जाताना शेठ म्हणाला, "वहिनी, वाट लावलीत माझी." दुसऱ्या दिवसापासून त्याने आपल्या माणसांचं आमच्या खानावळीतलं जेवण बंद केलं. मला मात्र काढलं नाही, कारण पाइपच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूचा जोड आरशात बघून मारणारा वेल्डर सारखा मिळत नाही. मी घरी येऊन हिला नको नको ते बोललो. धंदा घालवलास म्हणालो, अक्कल काढली. ती म्हणाली, "बोलू नका माझ्याशी दोन दिवस. पण जेवा. तीन."

चार महिन्यांनी मुलुंडच्या साइटवर मी चरात बसून जोड मारत असताना मातीची भिंत सरकली. कमरेपर्यंत गाडला गेलो, पाय दोन ठिकाणी मोडला. इस्पितळात विम्याचा माणूस कागद घेऊन आला. "काम काय?" मी म्हणालो, "वेल्डर." त्याने यादीवर बोट ठेवलं. तिथेही वेल्डर. इस्पितळाचं बिल, भरपाई, सगळं कंपनीने भरलं. शेठ खाटेशेजारी बसून बोटांवर हिशेब करत होता. बोटं संपली तेव्हा म्हणाला, "तू माळी असतास ना, तर माझं शटर कायमचं खाली आलं असतं रे."

त्याच संध्याकाळी, हिने मला नंतर सांगितलं, तो पेढे घेऊन आमच्या दारात उभा राहिला. हिने पेढे घेतले आणि विचारलं, "उद्या किती माणसं?"

"तेवीस," शेठ म्हणाला.

"खरी की कागदावरची?"

त्यानंतर दर वर्षी विम्याचा फॉर्म आमच्या खोलीत भरला गेला. शेठ मांडी घालून लिहायचा, माणसं जेवायची आणि ही काम सांगायची. हप्ता जड जातो म्हणून शेठ कुरकुरला तर म्हणाली, "मग चराला फळ्या लावा. माणूस गाडला नाही की हप्ता खाली येतो, असं तो साहेबच म्हणाला ना?" शेठने फळ्या लावल्या. एकही माणूस जखमी न होता वर्षं गेली आणि एके दिवशी हप्त्यात सूट मिळाल्याचं पत्र आलं. शेठ ते नाचवत आला. हिने त्याच्याकडूनच वाचून घेतलं, झकास म्हणाली आणि लोणच्याच्या बरणीखाली घालून ठेवलं, बरणी डुगडुगत होती म्हणून. दुसरे दोन कंत्राटदारही मग आपली माणसं हिच्याकडे जेवायला पाठवू लागले.

ती दुपारी गेली, निवडलेल्या कुळथाचं सुपडं मांडीवर असताना. संध्याकाळी सगळी माणसं आली. शेठने खांदा दिला. मी मागे वळून बघितलं तर रस्ताभर वेल्डर, खणणारे, वॉचमन, आणि त्यांच्यात एकसुद्धा माळी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण सांगून गेली, आज चूल पेटवायची नाही. नाही पेटवली. पण ही कढीपत्त्याला रोज तांदळाचं धुवण घालायची ते आठवलं. मूठभर तांदूळ घेऊन धुतले. एका माणसाच्या तांदळाचं पाणी ते केवढं, डब्यातली माती वरवरसुद्धा ओली होईना. मग आणखी एक मूठ घेतली आणि दोघांचे धुतले.