आसरांची जागा

जळकोटकडच्या आमच्या गावच्या तळ्यातला गाळ काढा म्हणून दोन वर्षं अर्ज घेऊन मीच फिरलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून गावानं कागदपत्रं माझ्या गळ्यात घातली होती. भर उन्हाळ्यात मशीन येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी सहज काठावर गेलो आणि पाय जागीच थबकले. पाण्यालगतच्या चिखलाच्या पट्ट्यावर लांब लाल पायांच्या शेकाट्यांची घरटी होती. एकेकात तीन-चार अंडी, चिखलाच्याच रंगाची. तळं वाचवायला निघालेल्या मला हे कधी सुचलंच नव्हतं.

सकाळी पट्ट्यापाशी मशीन उभं, मागं ट्रॅक्टरांची रांग. मी आडवा उभा राहिलो. गाळ म्हणजे आमच्याकडं शेताचं सोनं. पाखरांसाठी तो सोडा म्हणणाऱ्याला कोण सोडील? धाकटा भाऊच ट्रॅक्टरवरून ओरडला, "दादा, येडा झालास का? दोन वर्षं तूच पळत होतास ना याच्यासाठी?"

माणसं जवळ सरकायला लागली. मी मुळात भित्रा. तोंडातून निघून गेलं, "इथं साती आसरा हायत. सपनात आल्या माझ्या."

कोपल्या की माणसाला पाण्यात ओढणाऱ्या त्या सात देवींचं नाव निघताच ड्रायव्हरनं मशीन मागं घेतलं. गाळ पलीकडच्या टोकाला निघू लागला.

मंगळवारी नवीच धडकी भरली. गावातल्या बाया ओटीचं सामान आणि नारळ घेऊन थेट पट्ट्याकडं निघाल्या, आणि सगळ्यांत पुढं माझी बायको. एवढे पाय पडले तर अंड्यांचा चुरा होणार होता. तिला बांधाआड बोलावून मी खरं सांगून टाकलं. ती पांढरीफटक पडली.

"गप बसा," ती कुजबुजली. "लोकांना कळलं तर जित्तं सोडणार न्हाईत."

मग पदर सावरून ती बायांना म्हणाली, "आसरांच्या जागेत पाय ठेवू न्हाई. बांधावरूनच ओटी भरा."

सगळ्यांनी ऐकलं. पुढं पिल्लं निघाली. काठानं तुरुतुरु पळणारी ती पिल्लं मी लांबून पाहिली. मुलीला दाखवायची मला फार हौस होती.

"देवीचं नाव खोटं घेतलंत तुम्ही," बायको म्हणाली. "माझी लेक त्या पाण्यावर जायची न्हाई."

वर्गात भुताखेतांची टर उडवणारा मी. पण मुलीला मी अजून तळ्यावर नेलेलं नाही. भीती वाटते.