चालत आलेलं मत

"सकाळीच चालत येऊन मत टाकून गेलास की बे!"

सरपंचाचा पुतण्या असं म्हणाला आणि शाळेची ती अख्खी खोली हसली. तो पक्षाचा एजंट म्हणून बाकावर बसला होता. मी खाली फरशीवर. हातांत रबरी चपला, मागं फरफटत आणलेले दोन्ही पाय. दीड वर्षाचा होतो तेव्हाच पोलिओनं पाय गेले. जन्मात मी कुठं चालत गेलेलो नाही. पण सरकारी यादीप्रमाणं त्या दिवशी मी सकाळी आलो होतो आणि मत देऊन गेलो होतो.

यादीवाल्या कारकुनानं टेबलावरून वाकून माझ्याकडं बघितलं. "तुझ्या नावाखाली तांबडी रेघ आहे. तुझं मतदान झालंय. घरी जा."

माझं पहिलं मत होतं ते.

तेव्हा पैसे देऊन फोन करायच्या एसटीडी नव्यानं निघाल्या होत्या. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे पळवणारं मीटर. अपंगांना त्या लवकर मिळत. पाटोद्याच्या स्टँडजवळची एक माझ्या नावावर मिळाली. अर्ज दादानं केला, शिफारस सरपंचानं दिली, सही माझी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुकानात मी बसायचो, गल्ला तो न्यायचा. झोपायचोही मी तिथंच. गावाकडच्या घरात अडचण नको म्हणून.

एसटीडीत बसून माणूस संशयी होतो. काचेपलीकडचं सगळं ऐकू येतं. "मी बीडात हाय, दवाखान्यात हाय," असं सांगणारा माझ्यासमोर भजी खात उभा असायचा. "आईला लई आराम हाय," म्हणणाऱ्याचे डोळे भरलेले असायचे. कुणाचा आवाज गोड झाला की माझे कान टवकारायचे. ती खोड अजून गेलेली नाही.

पण घरच्यांवर संशय घ्यायचं कधी सुचलं नाही. मी अठराचा झालो तेव्हा दादा म्हणाला होता, "अपंगाचं नाव लागत न्हाई यादीत. जिल्ह्याचा दाखला लागतो. लई भानगड हाय." मी मान डोलावली. नाव न लागण्याची सवयच होती मला. ताईच्या लग्नपत्रिकेत चुलत, मावस, आते, सगळ्यांची नावं छापली. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणून शेंबड्या पोरांचीही छापली. माझं नव्हतं. या घरात खोड आहे असं पोराकडच्यांना वाटायला नको. लग्नाच्या दिवशी मी दुकानात. संध्याकाळी दादानं डब्यातून बुंदी आणून दिली. मी खाल्ली. राग खरा तेव्हाच यायला हवा होता.

मग एक दिवस आमच्या गावच्या शाळेचे गुरुजी फोन करायला आले. निवडणूक तोंडावर होती. त्यांना कुठल्या तरी लांबच्या केंद्रावर नेमलं होतं, म्हणून वैतागलेले. जाता जाता म्हणाले, "तुझा फोटो राहिला बघ ओळखपत्राचा. तुझा भाऊ म्हणाला परगावी असतो."

"माझा कशाला फोटो? माझं नाव नाही ना यादीत."

"कोण म्हणतं? घरोघर फिरून मीच लिहिलंय. तुझ्या भावानं सांगितलं, आमच्या घरात चार मतं."

आई, दादा, वहिनी. चौथा मी.

पत्रिकेत नव्हतो. यादीत होतो. घरात मोजायची वेळ आली की मी नसायचो, आणि सरपंचाला मतं मोजून दाखवायची वेळ आली की असायचो. मी गुरुजींना विचारलं, आजवर माझ्या नावावर कुणी मत टाकलं असेल का? त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "तसं झालेलं दिसलं तर प्रदत्त मतपत्रिका माग. द्यावीच लागते. पण ती पेटीत टाकत नाहीत, वेगळ्या पाकिटात ठेवतात. कोर्टानं सांगितल्याशिवाय मोजत नाहीत."

"मग उपयोग काय?"

"ते मला विचारू नकोस," म्हणाले आणि स्टँडकडं गेले.

मी घरी काही बोललो नाही. तहसीलच्या पायऱ्या चढून फोटो काढून आलो. ओळखपत्र हातात पडलं. मतदानाच्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि काळ्या-पिवळ्या जीपमधून गावात उतरलो. शाळेपाशी रांग होती. "जाऊ द्या बिचाऱ्याला पुढं," म्हणत लोकांनी वाट दिली. मला तेही खटकलं. आणि आत गेलो तर नावाखाली तांबडी रेघ.

बाहेर चिठ्ठ्या वाटत बसलेल्या दादाला कुणीतरी बोलावलं. तो पळत आला. कसा आलास हे त्यानं विचारलं नाही, का आलास ते विचारलं. "तू इकडं कावून आलास?" म्हणाला. वाकला, काखेत हात घालून त्यानं मला उचललं. लहानपणापासून तो मला असाच उचलायचा. त्या दिवशी त्याच्या हाताला घासलेटचा वास येत होता. डाव्या हाताचं पहिलं बोट घासून घासून लाल झालेलं, नखाच्या कडेला शाईची काळी रेष राहिलेली.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते असं.

"खाली ठेव," मी म्हणालो.

"घरी चल, मग बोलू."

"दादा, खाली ठेव."

त्यानं ठेवलं. मी केंद्राध्यक्षांच्या टेबलापाशी सरकलो. "माझं मत दुसऱ्यानं टाकलंय. मला प्रदत्त मतपत्रिका द्या."

हसणं थांबलं. पुतण्या म्हणाला, "साहेब, पांगळं हाय त्ये. त्याचं काय मनावर घेता?" मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि डावा हात वर केला. बोट धुळीनं भरलेलं होतं, पण त्यावर शाई नव्हती.

साहेबांना कटकट नको होती. ते चिडून म्हणाले, "मग कुणी टाकलं? नाव सांग. पोलीस दारातच आहे."

मी दादाकडं बघितलं. तो मला भ्यायला होता. आमच्या घरात मला भ्यायची पाळी कुणावर आली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"नाव मला म्हाईत हाय," मी म्हणालो. "पयलं माजं मत द्या."

बापाचं नाव विचारलं, वय विचारलं, सही घेतली, शाई लावली. कागद मिळाला. पुठ्ठ्याआडचं टेबल माझ्या डोक्यापेक्षा उंच होतं, म्हणून मी फरशीवरच कागद पसरून शिक्का मारला. साहेबांनी तो घेऊन पाकिटात घातला. तो मोजला जाणार नाही हे मला माहीत होतं. नाव त्यांनी परत विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दादा आत गेला असता, पण सरपंच बाहेरच राहिला असता.

घरी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं मानही वर केली नाही. "त्योच टाकतो की दर टायमाला. तुला उन्हात कावून वडायचं? तुज्या मायेपोटीच केलं."

"मला कुणाला टाकायचंय, हे कधी इचारलं?"

"घरचं मत ठरल्यालं असतंय, बाबा."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सरपंचाशी भांडता येतं. मायेशी कसं भांडायचं? त्या दिवशी मी तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही. मिळेल त्या जीपनं पाटोद्याला परतलो.

गावातलं नाव कमी करून पाटोद्यात लावायचा अर्ज मी स्वतः भरला. तहसीलचा कारकून म्हणाला, "घरच्या कुणाला तरी घेऊन ये." मी म्हणालो, "इथं राहतो मी, मत मी देणार. घरच्यांचं काय काम?" त्यानं हेलपाटे घालायला लावले. घातले. नाव लागलं. दुकानाची दुसरी किल्लीही मी दादाकडून परत घेतली.

पुढच्या निवडणुकीच्या आधी दादा दुकानात आला. काचेच्या खोलीला टेकून उभा राहिला. आवाज लई गोड. "यंदा कुणाला टाकणार?"

"सांगणार न्हाई."

"आरं, घरातल्या माणसाला बी?"

"घरातल्याला तर न्हाईच."

तो गेला. मतदानाला मी हातांवर गेलो. कुणाला उचलू दिलं नाही. माझा कागद माझ्या हातानं पेटीत पडला. बाजारच्या दिवशी आई आली, तिनंही हळूच विचारलं. तिलाही सांगितलं नाही.

त्यानंतर कितीतरी निवडणुका झाल्या. माझं मत कुणाला पडतं हे मला सोडून कुणालाही माहीत नाही. तुम्ही इथवर वाचलंत, तुम्हाला माझी कणव आली असेल. तरी तुम्हालाही सांगणार नाही.