सोमीचा कोडा

ही गोष्ट माह्या तोंडून अजून बाहेर पडली नाई. अम्मीजवळ नाई, नवऱ्याजवळ नाई. नमाजानंतर दुआले हात उचलले तेव्हाही मी तिला वळसा घालून दुसरंच काही मागत राह्यली. तुही-माही ओळख नाई — म्हणूनच कदाचित सांगणं होऊन राह्यलं. मधात मी थांबली तर थांबू दे.

आलापल्लीच्या एका रोपवाटिकेत आम्ही दोघी कामाले होतो, मी अन् सोमी. काळ्या पिशव्यांत माती भरायची, सागाची रोपं लावायची, पाणी मारायचं. माह्या अब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान. सोमी एटापल्लीच्या पुढच्या गावची, गोंड. दुपारी डबे खाल्ले की आम्ही सावलीत आडव्या व्हायचो अन् मी मोबाईल काढायची. त्यात घोड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. स्पीकर फुटका, म्हणून घोडे बिनआवाजाचे पळायचे. वरतं सागाची पानं सळसळायची, अन् खाली काचेवर हिरवा माळ, त्यावर घोडे — मले वाटे, ते त्या पानांच्याच आवाजावर पळून राह्यले. आजही डोळे मिटले की तेच दिसते.

मीच तिले शिकवलं. सांगू कसं असते? नवीन माणसाले खेळ एक शिंगरू फुकट देते. रंग तू निवड, नाव तू ठेव — पण नाव एकदा ठेवलं की बदलत नाई. सकाळ-सायंकाळ चारा घालायचा, दौड शिकवायची, मंग आराम द्यायचा. त्याच्या दमाची एक पट्टी असते, हिरवी असली तर ठीक, लाल झाली की समजायचं जनावर थकलं. अंतर किती, जमीन नरम का टणक, हे तूच ठरवायचं. सुरुवातीले नवख्यांची शर्यत नवख्यांसोबतच लावते. अन् एकदा घोडे सुटले की तुह्या हातात काहीच नाई, नुसतं पाहायचं.

सोमीनं नाव ठेवलं — कोडा. गोंडीत कोडा म्हणजे घोडा, बस. पण तिचं बोट अडलं होतं. त्यांच्या गावात ऐनाच्या झाडाखाली देवाचं ठाणं आहे, तिथी मातीचे घोडे ठेवतात, देवाले बसायले. ते घोडे म्हणजेही कोडाच. देवाले न विचारता ठेवू काय, म्हणे. मी हसली. म्हटलं, "ठेव न व! तुहा देव काय मोबाईल पाहून राह्यला?" तिनं ठेवलं. हे पण माह्याच खात्यावर.

तिचा कोडा लय पळायचा, बाप्पा. माहा घोडा बादशाह नेहमी त्याच्या मागं. शिकवली मी, अन् जिंकते ही? ती काही मिरवायची नाई — काचेवरून बोट फिरवायची, गोंडीत काहीतरी पुटपुटायची, जसं खरंच जनावर समोर उभं आहे. त्याचंच मले जास्त लागायचं. माह्या पोटात दुखत होतं, दुसरं काय?

मंग मोह पडू लागला. सोमी पंधरा दिवस गावी निघाली, मोहफुलं वेचायले. तिथी टावर नाई. तीन दिवस चारा नाई मिळाला तर घोडा रोडावते, म्हणून तिनं मले आपला पासवर्ड सांगितला. पासवर्ड म्हणजे तिच्या गावाचं नाव. बस निघाली तरी खिडकीतून सांगून राह्यली होती — "पाणी पण पाज त्याले."

पाजलं. रोज पाजलं. खोटं नाई सांगत.

पण त्या रविवारी नवख्यांची मोठी शर्यत होती. कोडा आलाच नसता तर मी सुखानं पळवला असता बादशाहले. मंग मी काऊन त्याले उतरवला? कारण तो नसता तर माह्या जिंकण्याले काय अर्थ होता? मले तो हरलेला पाहायचा होता. शनिवारभर मी त्याले दौडवला, आराम न देता, पट्टी लाल होईपर्यंत. नरम मातीवर पळणारा घोडा, टणक जमिनीवर लावला. खेळानं विचारलं — घोडा थकला आहे, तरी पळवायचा? खाली दोन बटणं, हो अन् नाई. मी हो दाबलं. खेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं.

शेवटच्या वळणावर कोडा पडला. आवाज नाई, काही नाई. बाकीचे घोडे बाजूनं निघून गेले. माहा बादशाह? सहावा आला.

तो खेळ कोणाले मारत नाई. कुरणात सोडते. कोडा तिथी उभा होता, उजवा पाय बांधलेला, मान हलवत. पळवायचं बटण विझलेलं, कायमचं.

सोमी परतली ती उन्हानं काळी पडलेली. माह्यासाठी पळसाच्या पानात मोहफुलं बांधून आणली होती — घोडा सांभाळला म्हणून. कोडा पाहून तिनं काचेवर त्याच्या बांधलेल्या पायावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "आपोआपच झालं व. चारा तर मी रोज घालत होती." तिनं माह्यावर संशयच घेतला नाई. म्हणाली, "नावच चुकलं माहं. देवाले विचारलं नाई मी." पुन्हा ती कधी खेळली नाई.

पुढल्या साली तेंदूपत्त्याच्या दिवसांत तिचा नवरा टेकडीवरून घसरला. उजवा पाय गेला, आजही लंगडते. सोमीनं मले फोन केला अन् एवढंच म्हणाली — पाय. तिले वाटते, देवानं घोड्याचा घेतला, मंग माणसाचा घेतला, एका नावापायी. मी एक वाक्य बोलली असती तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. फोन कानाले लावून मी उभी होती.

तेव्हापासून दरसाली मोह पडायच्या आधी ती कुंभाराकडून मातीचा घोडा नेते अन् ठाण्यावर ठेवते, माफी मागते. औंदा मलेही सोबत नेलं. ऐनाखाली मागल्या सालींचे घोडे ओळीनं होते, पाण्या-पावसानं कान झिजलेले. तिचा नवरा काठी टेकत आला, एका पायावर भार देऊन उभा राह्यला. सोमीनं नवा घोडा माह्या हातात दिला.

"तू ठेव," म्हणे. "माह्या कोड्याले तूनंच चारलं होतं. तुह्या हातचं देव ऐकते."

मी ठेवला. चारही पाय नीट टेकवून ठेवला. सोमीनं माह्या पाठीवर हात ठेवला, अन् आम्ही तिघं घराकडे चालू लागलो, तिच्या नवऱ्याच्या चालीनं, हळूहळू.